आधी ताल बंद करा

की-बोर्ड घ्यायला दुकानात येणाऱ्या घरात साधारण तीन माणसं असतात. ज्याला वाजवायचं आहे तो मुलगा, ज्यांना पैसे द्यायचे आहेत ते वडील, आणि या दोघांच्याही उत्साहावर फारसा भरवसा नसलेली आई. विक्रेत्याला तिघांचंही समाधान एकदमच करायचं असतं. तो स्टँडवरच्या की-बोर्डजवळ जातो, उभ्याउभ्याच दोन बटणं दाबतो, डाव्या हाताची तीन बोटं एका कॉर्डवर ठेवतो आणि ड्रम, बास, गिटार, मागे व्हायोलिनचा ताफा असा सगळा सरंजाम एका क्षणात सुरू होतो. उजव्या हाताने तो एखाद्या जुन्या हिंदी गाण्याचा मुखडा धरतो. अर्ध्या मिनिटात एक फिल-इन, मग एंडिंग, झांजेचा दणका, की संपलं.

“बघितलंत काका? आणि हा तर आपल्याकडचा बेसिक पीस आहे.”

वडिलांना वाटतं, पोरगा काय वाजवतो! मुलाला वाटतं, हा की-बोर्ड काय वाजतो! आई विचारते, “हे सगळं तुम्ही वाजवलंत, की त्याचं ते वाजलं?”

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर जरा मशीनच्या पोटात शिरावं लागतं. विक्रेत्याने दाबलेल्या दोन बटणांपैकी एक रिदमचं होतं आणि दुसरं सिंक्रो स्टार्टचं. दुसरं बटण दाबलं की यंत्र वाट बघत थांबतं. डावीकडच्या साधारण दीड सप्तकात कुठेही बोट पडलं की ताल सुरू होतो. त्या दीड सप्तकातल्या पट्ट्या आता सूर वाजवत नाहीत, हुकूम देतात. सा-ग-प अशा तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की यंत्र कॉर्ड ओळखतं आणि आधीच लिहून ठेवलेले बासचे, गिटारचे, तंतुवाद्यांचे तुकडे त्या कॉर्डवर सरकवून वाजवतं. स्वस्तातल्या मॉडेलांत तर तीन बोटांचीही गरज नसते, एका बोटावर भागतं. तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात विक्रेत्याने स्वतः वाजवलं ते एवढंच: डाव्या हाताच्या तीन-चार कॉर्ड आणि उजव्या हाताची एक ओळ. बाकीचं सगळं कुणीतरी कारखान्याच्या स्टुडिओत बसून काही वर्षांपूर्वी वाजवून ठेवलेलं होतं.

हे ‘कुणीतरी’ बहुधा अनामिकच राहतं. एक नाव मात्र जगाला ठाऊक झालं. कॅल्क्युलेटर आणि घड्याळं बनवणारी कॅसिओ कंपनी १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ घेऊन वाद्यांच्या धंद्यात उतरली. त्याच वर्षी ओकुदा हिरोको ही संगीताचं शिक्षण घेतलेली तरुणी तिथे नोकरीला लागली. १९८१ च्या एमटी-४० या छोट्या मॉडेलसाठी तिने तयार ताल आणि त्यांचे बास बांधले. त्यातला ‘रॉक’ नावाचा एक तुकडा पुढे जमैकाला पोचला, वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी १९८५ मध्ये त्यावर ‘अंडर मी स्लेंग तेंग’ हे गाणं केलं आणि रेगे संगीताचा सगळा नूरच पालटला. त्यानंतर त्या तुकड्यावर शेकडो गाणी झाली. दुकानात कुणी एमटी-४० चं रॉकचं बटण दाबून दाखवलं असेल तेव्हा गिऱ्हाइकाला काय कल्पना, की आपण एका बाईची रचना ऐकतोय.

आईला थोडक्यात उत्तर असं: थोडं त्यांनी वाजवलं, बरंचसं त्याचं ते वाजलं, आणि ‘त्याचं ते’मागेही माणसंच होती.

*

वाद्य किंवा गाणं विकण्यासाठी दुकानात बसून वाजवणारा माणूस विजेच्या वाद्यांहून जुना आहे. रेडिओ घरोघर पोचण्याआधी अमेरिकेत गाणी छापील स्वरलिपीच्या रूपात विकली जात, आणि गाणं कसं आहे हे कळायला कुणीतरी ते पियानोवर वाजवून दाखवावं लागे. जॉर्ज गर्शविन १९१४ मध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडून न्यूयॉर्कच्या रेमिक या प्रकाशकाकडे याच कामाला लागला, आठवड्याला पंधरा डॉलर पगारावर. दिवसभर दुसऱ्यांची गाणी, बरी आणि भिकार, सारख्याच उमेदीने वाजवायची. पुढे त्याने स्वतः जे संगीत लिहिलं त्याला ही हमाली किती उपयोगी पडली असेल याचा अंदाज ज्यांनी दुकानात दिवसभर डेमो दिले आहेत त्यांनाच यावा.

डेमो किती फसवा असू शकतो याची सरकारी चौकशीसुद्धा एकदा झाली आहे. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये विजेचा ऑर्गन बाजारात आणला. हा गृहस्थ मुळात घड्याळवाला. फिरत्या दातेरी चकत्या आणि चुंबकं यांच्यापासून त्याने सूर काढले. चर्चमधल्या भल्यामोठ्या पाइप ऑर्गनचे सगळे रंग आमच्या पेटीतून निघतात, अशी जाहिरात सुरू झाली. पाइप ऑर्गन बनवणारे खवळले. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशनने हॅमंडवर तक्रार दाखल केली. तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये एक परीक्षा घेण्यात आली. हॅमंडचे स्पीकर पाइपांच्या जवळ दडवले, एकच तुकडा कधी खऱ्या ऑर्गनवर तर कधी हॅमंडवर वाजवला, आणि समोर बसलेल्या संगीतज्ञांना व विद्यार्थ्यांना ओळखायला सांगितलं. जाणकार साधारण एक तृतीयांश वेळा चुकले. विद्यार्थ्यांचं उत्तर तर जवळजवळ छापा-काट्याइतकंच भरवशाचं निघालं.

तरीही १९३८ मध्ये कमिशनने ‘सगळे रंग’वाला दावा थांबवण्याचा आदेश दिलाच. मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. चॅपेलच्या घुमणाऱ्या दगडी भिंतींत, निवडक तुकड्यांत, हॅमंड पाइप ऑर्गनसारखा वाजला हे खरं. तो पाइप ऑर्गन नव्हता हेही खरं. डेमोत नेमकं हेच घडतं: जागा, तुकडा आणि वाजवणारा हे तिन्ही विकणाऱ्याने निवडलेले असतात. हॅमंडचं पुढे काही बिघडलं नाही. जाझ आणि गॉस्पेलवाल्यांनी त्याला कुणाचीही नक्कल म्हणून न वाजवता स्वतःच्या आवाजाचं वाद्य म्हणून वाजवलं आणि तो अजरामर झाला.

आपल्याकडे याच्या उलट प्रकार घडला, म्हणजे नक्कल अस्सलाहून गाजली. फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तां याने १९४७ मध्ये क्लॅव्हिओलीन नावाचं छोटं, एका वेळी एकच सूर देणारं वाद्य केलं. आवाज लहानमोठा करायला त्याला गुडघ्याने ढकलायची दांडी असे. मुंबईत ते कल्याणजी वीरजी शाह यांच्या हाती लागलं आणि १९५४ च्या ‘नागिन’मध्ये हेमंतकुमारांच्या संगीतात त्यावर त्यांनी पुंगी वाजवली. देशभर लोकांनी ती गारुड्याची पुंगी म्हणूनच ऐकली. आज कुठल्याही की-बोर्डवर ‘बीन’ नावाचा टोन निवडला तर जो आवाज निघतो, त्याचा वंश गारुड्याच्या भोपळ्याइतकाच त्या फ्रेंच पेटीशी जाऊन भिडतो.

सिंथेसायझरच्या विक्रीत एक नाव फार कमी लोकांना माहीत आहे: डेव्हिड व्हॅन कोव्हरिंग. १९७० चा मिनिमूग हा हातात उचलून नेता येईल असा पहिल्या सिंथेसायझरांपैकी एक. त्यात तयार टोन एकही नाही, नुसती बटणं आणि खुंट्या. वाद्यांच्या दुकानदारांना हे काय आहे आणि ते कसं विकायचं हेच कळेना. व्हॅन कोव्हरिंगने फ्लोरिडात उलटा रस्ता धरला. रात्री क्लबांत वाजवणाऱ्या वादकांना तो आधी गाठायचा, मिनिमूग त्यांच्या हाती द्यायचा, त्यातून काय निघतं ते दाखवायचा आणि मग गिऱ्हाईक तयार करूनच दुकानदाराकडे न्यायचा. दुकानात डेमो देण्यात अर्थ नाही, वादकाच्या जागी जाऊन त्याच्या गाण्यात डेमो द्यायला हवा, हे त्याला उमगलं होतं.

आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळ्यात एक डेमो असा झाला की त्यात आवाजाला काडीचंही महत्त्व नव्हतं. प्रॉफेट-६०० आणि जपानी रोलंड ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रं एका केबलने जोडली, एकावर पट्टी दाबली आणि दुसरं वाजलं. ही मिडीची सुरुवात. आज मुलाचा की-बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडला जातो तो याच भाषेत बोलतो. हा डेमो बघून कुणी टाळ्या पिटल्या की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या चाळीस वर्षांचं संगीत त्या केबलमधून गेलं.

*

मग कंपन्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक दुकानात वाजवणारा माणूस नसतो. भांड्यांच्या आणि टीव्हीच्या दुकानातही की-बोर्ड विकला जायला लागला होता. त्यावर उपाय म्हणून यंत्रावरच ‘डेमो’ असं लिहिलेलं बटण आलं. ते दाबलं की यंत्र स्वतःच स्वतःची जाहिरात करतं. ही डेमो गाणी ऐकायला मजेची असतात, पण त्यांवरून वाद्याची पारख होत नाही. कारण ती दहा-बारा, कधी सोळा वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी वाजवतात. दोन हातांच्या माणसाला ते शक्यच नाही. डेमो बटण सांगतं की या यंत्राच्या पोटात कोणकोणते आवाज आहेत. तुमच्या हातून ते कसे निघतील याबद्दल ते गप्प असतं.

आवाजांच्या संख्येचंही तसंच. खोक्यावर ‘४०० टोन’, ‘६०० टोन’ असं ठळक छापलेलं असतं आणि विक्रेता तो आकडा पहिल्या वाक्यात टाकतो. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाची एक आंतरराष्ट्रीय यादी ठरली: १२८ टोन, प्रत्येकाचा क्रमांक पक्का, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रावर केलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर निदान ओळखू येईल इतपत वाजावं. बहुतेक यंत्रांतल्या सहाशेपैकी १२८ या यादीतले, बाकीचे त्यांचेच सख्खे-चुलत भाऊ आणि तालवाद्यांचे संच. त्या १२८ मध्ये १२४ व्या क्रमांकावर पक्ष्याचा चिवचिवाट आहे, १२५ वर टेलिफोन, १२६ वर हेलिकॉप्टर, १२७ वर टाळ्या आणि १२८ वर बंदुकीची गोळी. दुकानात आलेलं प्रत्येक पोर दोन मिनिटांत हेलिकॉप्टर शोधून काढतं. ‘सहाशे टोन’ ऐकून मान डोलावणाऱ्या वडिलांना हे मात्र कुणी सांगत नाही.

या यादीत १०५ वर सितार आहे आणि ११२ वर शहनाई. हार्मोनियम नाही, तबला नाही. ही दोन वाद्यं नसतील तर नागपूरच्या किंवा सांगलीच्या दुकानात तो की-बोर्ड कोण घेणार? म्हणून यामाहा, कॅसिओ, रोलंड या सगळ्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली. कॅसिओच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘आयएन’ लागतं, यामाहाच्या पीएसआर मालिकेत मधे ‘आय’ येतो. त्यांत हार्मोनियम, तबला, तानपुरा, बासरी, केरवा, दादरा असं सगळं असतं. यामाहाच्या पीएसआर-आय५०० वर तर तबला आणि तानपुरा एकत्र लावून द्यायला ‘रियाझ’ नावाचं बटणच आहे.

*

आपल्या भागातल्या डेमोचा खरा कस मात्र हार्मोनियमवर हात बसलेल्या गिऱ्हाइकासमोर लागतो.

भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा आले की ते सहाशे टोन वगैरे काही विचारत नाहीत. “काळी एकला लावून द्या,” म्हणतात. आता इथे विक्रेत्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, आपल्याकडे पट्ट्या मोजायची पद्धत: पांढऱ्या एकपासून सातपर्यंत, काळ्या एकपासून पाचपर्यंत. काळी एक म्हणजे इंग्रजी हिशोबात सी शार्प. दुसरं, बुवांना बोटं कुठल्या पट्ट्यांवर ठेवायची सवय आहे. काही जण काळी एकवरूनच वाजवतात. काहींना पांढरी एकच्या बोटांनी वाजवायचं असतं आणि आवाज काळी एकचा हवा असतो. दुसऱ्यांसाठी ट्रान्सपोजचं बटण एक पायरी वर नेलं की झालं. बुवा खूश होतात, कारण हार्मोनियममध्ये हे करायला सरकत्या पट्ट्यांची महागडी स्केल-चेंजर पेटी लागते. ट्रान्सपोज करून विसरलं की पुढच्या गिऱ्हाइकाचं सगळं बेसूर होतं हे वेगळंच, आणि दुकानातला अर्धा गोंधळ याच विसरण्यातून होतो.

मग बुवा वाजवायला लागतात आणि कपाळावर आठी पडते. “हा मधेच दबतो हो.” यंत्रात बिघाड नसतो. हार्मोनियममध्ये पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. लहानमोठं करायचं काम भात्याचं. की-बोर्डच्या पट्टीखाली दोन रबरी संपर्क असतात, एक आधी टेकतो, दुसरा नंतर. दोन्हींमधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट वेगाने पडलं, म्हणजे आवाज मोठा; मिडीच्या हिशोबात १ ते १२७ अशा पायऱ्या. पियानो शिकणाऱ्याला हा ‘टच’ म्हणजे जीव की प्राण, आणि पेटीवाल्याला ती नसती कटकट. जाणता विक्रेता अशा वेळी काही न बोलता मेनूत जाऊन टच बंद करतो आणि आवाजासाठी पायातलं पेडल दाखवतो. जो नुसताच “सर, हे लेटेस्ट फीचर आहे” म्हणत राहतो त्याचं गिऱ्हाईक गेलं.

बुवांची दुसरी तक्रार जास्त खोल आहे. तानपुऱ्याचा टोन लावला आणि वर शुद्ध गंधार धरला की कान चांगला असणाऱ्याला तो किंचित चढा लागतो. तो खरोखरच चढा असतो. की-बोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले आहेत. त्या हिशोबात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) पडतो, आणि तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. मींडही पट्ट्यांवर येत नाही. हा आक्षेप जुना आहे, आणि आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केला तोही याच वादापायी. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. की-बोर्ड इथे पेटीहून दोन पावलं पुढे आहे. डाव्या बाजूला पिच बेंडचं चाक असेल तर सूर दोन पायऱ्या वर-खाली ओढता येतो, आणि काही मॉडेलांत एकेक सूर सेंटांनी हलवून बसवता येतो. दुकानात हे दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दाखवतं कोण?

चरणजित सिंग यांना कुणी दाखवलं नव्हतं. मुंबईच्या या सिने-वादकाने रोलंडचा टीबी-३०३ हा बासचा छोटा यंत्रसंच घेतला. त्यातल्या सूर घसरवण्याच्या सोयीत त्यांना मींड दिसली, आणि १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड त्यांनी केली. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. अनेक वर्षांनी युरोपातल्या रसिकांना ती सापडली तेव्हा अॅसिड हाउस म्हणतात तो प्रकार या रागांत आधीच वाजून गेला होता हे ऐकून ते चक्रावले.

*

वाजवता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी दुकानात एक फार जुनी युक्ती आहे. मुलाला सांगायचं, “बाळा, पांढऱ्यांना हात लावायचा नाही, फक्त काळ्या वाजव. कुठल्याही.” मागे विक्रेता केरवा लावतो, डावीकडे एक कॉर्ड धरून ठेवतो. मुलगा भीतभीत वाजवतो आणि काहीही वाजवलं तरी सुरेल लागतं. आईचा चेहरा बदलतो.

युक्ती असली तरी तिच्यात खोटं काही नाही. पाच काळ्या पट्ट्यांत एकही अर्धस्वराचा शेजार नाही, त्यामुळे टोचणारी जोडीच तयार होत नाही. आणि आपल्या कानाला तर या पाच पट्ट्या अनोळखी नाहीतच. काळी तीनला षड्ज मानून वर चढा, भूप होतो. तोच षड्ज काळी एकवर नेला की दुर्गेचे सूर मिळतात. काळी चारवरून मध्यमाद सारंगाचे, काळी दोनवरून धानीचे आणि काळी पाचवरून मालकंसाचे. सूर तेच पाच, फक्त कुठल्या सुराला घर मानायचं ते बदललं. हीच मूर्च्छना. राग नुसत्या सुरांनी होत नाही, चलन लागतं, हे खरं. पण नऊ वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत, बोटं न शिकवता, हे पाच वेगवेगळे रंग ऐकवता येतात, आणि त्यासाठी तानपुऱ्याचा टोन डावीकडे योग्य पट्टीवर लावून ठेवला की पुरे. पश्चिमेत हीच युक्ती ‘काळ्या पट्ट्या वाजवा, चुकणार नाही’ एवढ्यावर थांबते. आपल्या विक्रेत्याच्या हातात त्याहून किती तरी मोठी चीज आहे. मला दुकानात बसवलं तर मी डेमो बटण काढून टाकीन आणि हे दाखवत बसेन.

एरवी मी ज्यांना चांगले डेमो देणारे म्हणेन ते आपल्याला येतं त्यापेक्षा कमी वाजवतात. ऑर्केस्ट्रात रात्रभर वाजवणारा हात दिवसा दुकानात नोकरीला असतो. त्याने सुसाट वाजवलं की बघ्यांची गर्दी जमते आणि विक्री होत नाही. कारण नवशिक्याला वाटतं, हे आपल्याला जन्मात जमणार नाही. समोर गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी असेल तेव्हा मात्र हात मोकळा सोडावा लागतो. त्यांना पुस्तकी माहिती नको असते: ट्रॉलीवर जनरेटरवर चालेल का, ढोल-ताशाच्या कल्लोळात लाइन आउटमधून आवाज पोचेल का, गाण्यात मधेच शहनाईवरून ब्रासवर एका बोटाने उडी मारता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रजिस्ट्रेशन मेमरीत आहे. टोन, ताल, वेग, ट्रान्सपोज हे सगळं एका बटणावर बांधून ठेवता येतं. मिरवणुकीत याच बटणाला महत्त्व.

*

गिऱ्हाइकाने काय करावं, तर आधी ताल बंद करायला सांगावा. मग रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली कृत्रिम घुमणूक, बंद. मग दोन टोन एकावर एक चढवलेले असतील तर एकच ठेवायला सांगावा. पियानोच्या खाली हलकेच व्हायोलिनचा थर लावून ठेवणं ही प्रत्येक दुकानातली रीत आहे, आणि तो थर काढला की पियानो एकदम उघडाबोडका वाटतो. तोच त्याचा खरा आवाज.

आवाजाची पातळीही पाहावी. दोन की-बोर्ड शेजारी ठेवून तुलना करताना जो थोडासा मोठा लावलेला असतो तो कानाला भरदार वाटतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो; आवाज वाढवला की खर्ज वर येतो आणि सगळं ‘दाट’ होतं. महाग मॉडेलचा आवाज दोन खाचा वर असणं हा दरवेळी योगायोग नसतो. बऱ्याच दुकानांत शोपीस मोठ्या स्पीकरला जोडलेला असतो. ती वायर काढायला लावावी. घरी वाजणार आहेत ते यंत्राच्या पोटातले दोन-अडीच वॉटचे दोन स्पीकर. नंतर हेडफोन लावून ऐकावं. काही वाजत नसताना मागे किती सळसळ आहे ते लगेच कळतं.

एकाच वेळी किती सूर वाजू शकतात हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, ३२ किंवा ४८, थोडा वरचा असेल तर ६४. भरपूर वाटतं, पण ताल चालू केला की त्यातले बरेच तो खातो, आणि दुहेरी टोन लावला की प्रत्येक पट्टीला दोन-दोन लागतात. पेडल दाबून धरा, पियानो टोनवर खालून वर सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवा. सुरुवातीचे सूर मधेच गायब झाले तर मर्यादा कानांनी कळली.

जुना, वापरलेला की-बोर्ड घेत असाल तर आणखी एक काम. पट्टीखालचे ते रबरी संपर्क झिजले किंवा धुळीने माखले की पट्टी कधी वाजत नाही, कधी हळू दाबूनही ओरडते. झंकारत्या गाण्यात हा दोष लपतो. म्हणून टच चालू करून, एकच पियानो टोन लावून, ६१ च्या ६१ पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकेक करून दोनदा दाबाव्यात: एकदा शक्य तितक्या हळू, एकदा जोरात. यात काही मिनिटं जातात, ऐकायला ते रटाळ असतं, आणि दुकानदार मधेच “काका, सगळ्या चालू आहेत हो” म्हणतो. त्याला म्हणू द्यावं आणि पुढची पट्टी दाबावी.